आजींचे गुडघे आणि मोटर मार्केटचा मिस्त्री

मनीमाजऱ्यातल्या त्या घराला चौतीस पायऱ्या आहेत. आजींनी त्या पहिल्याच दिवशी मोजल्या होत्या. शिरूर तालुक्यातल्या गावातून, ओटा, अंगण आणि परसदार असलेल्या घरातून, त्या मुलाकडे कायमच्या राहायला आल्या आणि दुसऱ्या मजल्यावर चढता चढता म्हणाल्या, ‘‘इथं देवळात जायचं म्हणजे आधी गड उतरायचा म्हणायचा!’’

पहिले वर्षभर त्यांनी हा गड रोज उतरला. भाजी आणली, कोपऱ्यावरच्या बागेत बसल्या, मोडक्यातोडक्या हिंदीत चार ओळखी केल्या. खालच्या मजल्यावरच्या बीजींशी तर विशेष गट्टी जमली. पहिल्याच भेटीत बीजी कळवळून म्हणाल्या होत्या, ‘‘मेरे गोडे बडे दुखदे ने.’’ काहीतरी गोड बोलताहेत असे समजून आजी हसल्या. पंजाबीत गुडघ्यांना ‘गोडे’ म्हणतात, हे त्यांना सुनेने घरी आल्यावर सांगितले. मग आजी पुन्हा चौतीस पायऱ्या उतरून माफी मागून आल्या.

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र आजींचेच ‘गोडे’ बोलू लागले. डावा जास्त. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी बरेच काही समजावून सांगितले, पण आजींच्या मनात एकच शब्द रुतून बसला, झीज. त्या दिवसापासून सणासाठी राखून ठेवलेले तूप पुरवून वापरावे, तसे त्या गुडघे वापरू लागल्या. आधी भाजी बंद झाली, मग बाग, मग गुरुवारचे देऊळ. पाण्याचा पेलाही हाताशी मिळू लागला. खिडकीजवळची खुर्ची हेच त्यांचे गाव झाले. बीजींची हाक खालून येई, आजी वरूनच हात हलवत.

आणि त्यांचे चुकत होते असे तरी कोण म्हणणार? झिजणारी वस्तू कमी वापरावी, हे शहाणपण त्यांनी उभ्या आयुष्यात पाळलेले होते. त्यात भर पडली मोटर मार्केटची. मनीमाजरा म्हटले की साऱ्या चंदीगडला हा बाजार आठवतो. ले कॉर्बुझिएने आखलेल्या शहरात तेरा नंबरचा सेक्टर नव्हताच. २०२० साली तो आकडा मनीमाजऱ्याच्या वाट्याला आला. पण रिक्षावाल्याला अजूनही ‘मोटर मार्केट, मनीमाजरा’ म्हटलेलेच कळते. ऑइलचा वास, ठोकाठोक, दुकानापुढे रचलेले सायलेन्सर. आजींच्या मुलाची जुनी मारुती तिथेच दुरुस्तीला जाते. एकदा तिचा पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट गेला, तेव्हा मिस्त्रीने जुना भाग हातावर ठेवून दाखवला. वाटीत बसलेली गोळी, भोवती रबराचे बूट, आत ग्रीस. बूट फाटले, ग्रीस गेले, गोळी वाटीला घासू लागली. ‘‘जितना चलाओगे, उतना घिसेगा जी.’’ मुलाने घरी येऊन ही हकिकत गमतीने सांगितली. आजींनी मात्र ती गाठीला बांधली. ‘‘बघ, मी काय वेगळं म्हणते?’’

सांधा कसा असतो हे त्या मिस्त्रीने जवळजवळ बरोबर सांगितले होते. फक्त शेवटचे वाक्य माणसाच्या गुडघ्याला लागू पडत नव्हते. आणि हे त्या घरात उघडकीला आले ते एका हाडावरून.

नातू अकरावीत, सायन्सला. एक दिवस सुनेला सिंकखाली एक बरणी सापडली. बरणीत सिरका आणि सिरक्यात कोंबडीच्या तंगडीचे हाड. शाकाहारी घरात! आजी खुर्चीवरून कडाडल्या, ‘‘अरे, हाड आणलंस घरात? सोवळंओवळं काही उरलं की नाही?’’ नातवाने शपथेवर सांगितले की ते मित्राच्या घरून आणलेले, धुतलेले, अभ्यासाचे हाड आहे आणि आठ दिवसांनी तो आजीला जादू दाखवणार आहे. सुनेने बरणी गॅलरीत नेऊन ठेवली. आजी रोज तिकडे पाठ करून बसत आणि रोज विचारत, ‘‘झालं का रे तुझं लोणचं?’’

आठवड्याने त्याने ते हाड काढले, धुतले आणि आजीसमोर धनुष्यासारखे वाकवले. काडकन मोडायला हवे होते, ते रबरासारखे लवले. हाडात दोन गोष्टी असतात, तो सांगू लागला. एक कॅल्शियम-फॉस्फरसचे क्षार, ज्यांनी कडकपणा येतो. ते सिरक्यात विरघळून गेले. उरले ते कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे, ज्यांनी चिवटपणा येतो. उलट हाड चांगले भाजले तर धागे जळतात, क्षार उरतात आणि मग ते खडूसारखे चुरते. चंदीगड हे काँक्रीटचे शहर. नातवाला उदाहरण शोधायला लांब जावे लागले नाही. सिमेंट म्हणजे क्षार, आतल्या सळ्या म्हणजे कोलॅजेन.

हे कोलॅजेन आजींच्या चांगल्या ओळखीचे निघाले. सुतार लाकडाला लावायचा तो सरस जनावरांच्या हाडाकातड्यातून काढलेला, म्हणजे मुळात हेच. परदेशी नावाचा अर्थही ‘सरस करणारे’ असाच आहे. आजींची ठेवणीतली कोल्हापुरी चप्पल म्हणजे कमावलेले कोलॅजेनच. शरीरात सर्वांत जास्त असणारे हे प्रथिन. हाडात, कातडीत, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेत आणि हाडाला हाडाशी बांधणाऱ्या अस्थिबंधात तेच. ज्यांना पुस्तके संयोजी ऊती म्हणतात, म्हणजे शरीराला बांधून, जोडून, सावरून धरणारे सगळे, त्यांचा हा मुख्य धागा. तीन पदरांना पीळ घालून वळलेल्या दोरासारखी त्याची घडण आहे, हे १९५४ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी मांडले. हा पीळ नीट बसायला क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही म्हणून जुन्या काळी महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत आणि भरलेल्या जखमा पुन्हा उकलत. ‘‘म्हणजे माझा मोरावळा,’’ आजी म्हणाल्या. हाडाकडे त्यांनी पहिल्यांदा तोंड करून बसल्या होत्या तो हा दिवस.

त्यानंतर संध्याकाळचा अर्धा तास आजी-नातवाचा वर्ग भरू लागला. तो परीक्षेसाठी पाठ करायचा, त्या शंका काढायच्या. एकदा त्याने सांगितले की कोंबडीचा, शेळीचा मागचा गुडघा उलटा नसतोच. आपल्याला जो उलटा गुडघा दिसतो तो घोटा असतो. टाच वर उचलून ही जनावरे बोटांवर चालतात, आणि खरा गुडघा वर, पोटाजवळ दडलेला असतो. आजींचे सारे लहानपण शेळ्यांमागे गेलेले. त्या मिनिटभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘साठ वर्षं मी टाचेला गुडघा म्हणत होते, आणि एक शेळी बोलली नाही!’’

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांची हीच मौज आहे. आराखडा एकच, फक्त कुठे ताणलेला, कुठे आखडलेला. घोडा प्रत्येक पायाच्या मधल्या एकाच बोटावर उभा असतो आणि त्याचे खूर म्हणजे त्या बोटाचे नख. वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलचक बोटांवर ताणलेले कातडे. जिराफाच्या मानेत मणके किती? आपल्याइतकेच, सात. घुबडाच्या एवढ्याशा मानेत मात्र चौदा, म्हणून ते मान इतकी फिरवू शकते. शार्क माशाच्या अंगात तर हाडच नाही. त्याचा सगळा सांगाडा आपल्या कानाच्या पाळीवरच्या भागात, नाकाच्या शेंड्यात असते त्या लवचीक कूर्चेचा.

त्यांच्या खिडकीतून, हवा स्वच्छ असली की, शिवालिकच्या टेकड्या दिसतात. या टेकड्यांतून १८३० नंतरच्या वर्षांत ह्यू फॉकनर आणि प्रॉबी कॉटली या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी प्राचीन प्राण्यांची ढीगभर हाडे गोळा केली. त्यांत जिराफाचा एक थोराड, आखूड मानेचा भाऊबंद होता. त्याचे नाव त्यांनी ठेवले सिवाथेरियम, म्हणजे शिवाचा पशू. हिमाचलातल्या साकेती इथे १९७४ पासून अशा प्राण्यांचे जीवाश्म उद्यान आहे. नातवाने मोबाइलवर तिथल्या पुतळ्यांची चित्रे दाखवली. आजींनी टेकड्यांना नमस्कार केला. हाड पाहून तोंड फिरवणाऱ्या बाईंची ही प्रगती सुनेने मुद्दाम नवऱ्याच्या कानावर घातली.

मग पाळी आली सांध्यांची. सुश्रुताने शरीरात दोनशे दहा सांधे मोजले आणि त्यांचे आठ प्रकार केले. त्यातल्या एकाचे नाव त्याने ठेवले उलूखल, म्हणजे उखळ. खांदा आणि मांडीचा खुबा हे उखळातल्या मुसळासारखे, सगळीकडे फिरणारे. मिस्त्रीचा बॉल जॉइंट तो हाच! कवटीच्या हाडांचा जोड त्याला शिवणीसारखा वाटला, आणि कवटी पाहिली तर खरोखरच नागमोडी टाके घातल्यासारखी दिसते. ही शिवण तान्ह्या बाळाच्या डोक्यावर सैल असते, म्हणून टाळू. जन्मताना सुमारे तीनशे असणारी हाडे मोठेपणी एकमेकांत जुळून दोनशे सहा उरतात. आजींनी चार बाळंतपणे निस्तरलेली. टाळू कशी भरते हे त्यांनी नातवालाच सांगितले, आणि ते त्याच्या पुस्तकापेक्षा चांगले सांगितले.

गुडघ्याला मात्र त्यांनी मुद्दाम शेवटी हात घातला. नातवाने वहीत आकृती काढली. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे, पुढे वाटी. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरट निळसर कूर्चा. दोघांच्या मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या. आत एकमेकांना छेद देणारे दोन अस्थिबंध, बाजूंना आणखी दोन. या सगळ्याभोवती पिशवी, आणि तिच्या आतल्या अस्तरातून पाझरणारे अंड्याच्या पांढऱ्यासारखे चिकट वंगण, तेही चमचाभरसुद्धा नाही. एवढ्यावर दोन कूर्चा एकमेकींवरून सरकतात, आणि बर्फावरून बर्फ सरकावा त्याहूनही कमी घर्षणाने. तुमच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत, असे पुस्तकात होते, ते त्याने वाचून दाखवले.

‘‘थांब,’’ आजी म्हणाल्या. ‘‘रक्त जात नाही तिथं?’’

‘‘नाही.’’

‘‘मग ती गादी जगते कशावर?’’

पुस्तकात ते नव्हते. नातवाने डोके खाजवले. प्रश्न साधा होता, पण ज्या बाईने तीन महिने स्वतःच्या गुडघ्यांना विश्रांती दिली होती, तिने तो विचारला होता. दुसऱ्या दिवशी त्याने कॉलेजात सरांना गाठले आणि उत्तर घेऊन धावतच तो चौतीस पायऱ्या चढला.

कूर्चा स्पंजासारखी असते. पाय टेकला, वजन आले, की ती दबते आणि तिच्यातले पाणी बाहेर निघते. पाय उचलला की ती फुगते आणि भोवतालचे वंगण आत शोषून घेते. त्या वंगणातच तिचे अन्न, तिचा प्राणवायू. दाबणे आणि सोडणे, हेच तिचे जेवण. गुडघा हलला नाही तर ती उपाशी. पाय बराच काळ प्लॅस्टरमध्ये राहिला किंवा लुळा पडला की वापर नसतानाही कूर्चा पातळ होत जाते, हे डॉक्टरांनी पाहिलेले आहे. उलट हौसेने धावणाऱ्यांचे गुडघे बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडलेले आढळत नाहीत.

पुरावा म्हणून नातवाने दाराच्या चौकटीवर सकाळी उठल्या उठल्या आपल्या उंचीची रेघ मारली आणि रात्री झोपताना दुसरी. रात्रीची रेघ जवळजवळ सेंटीमीटरभर खाली! मणक्यांमधल्या चकत्या अशाच दिवसभर दबून पाणी सोडतात आणि रात्री पुन्हा भरतात. आजींनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवले. मिस्त्रीच्या ग्रीसला आणि या वंगणाला त्या इतके दिवस एकच समजत होत्या. बॉल जॉइंट गाडी उभी असली तरी जेवत नाही, आणि चालली तरी जेवत नाही. त्याला फक्त झिजता येते.

हाडाचेही तसेच आहे. ते मेलेले लाकूड नव्हे. त्याच्यात जुने पोखरून काढणाऱ्या आणि नवे लिंपणाऱ्या पेशी जन्मभर कामाला असतात, आणि मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नव्याने बांधला जातो. कुठे लिंपायचे हे ठरते वजनावरून. अंतराळात वजनच नसते, म्हणून तिथे राहणाऱ्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला टक्का-दीड टक्का उतरते. तीन महिने खिडकीजवळच्या खुर्चीत बसणे हेही एक लहानसे अंतराळच म्हणायचे. माणूस कसा बसतो-उठतो, याचीही हाडावर नोंद होते. लाहोरच्या मेडिकल कॉलेजातले शरीररचनेचे प्राध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी माणसांच्या पायांच्या हाडांवर एक निबंध छापला. उकिडवे बसण्याच्या सवयीमुळे घोट्यापाशी जी जादा गुळगुळीत खूण उमटते, तिचे वर्णन त्यात आहे. विळीवर, चुलीपुढे, धुण्याच्या दगडावर आयुष्य गेलेल्या आजींच्या घोट्यावरही ती असणारच.

एवढे ऐकून कोणी लगेच उठून चालू लागते असे मात्र नाही. आजींनी आधी सगळ्यांना उलट प्रश्न विचारले. मग दुखते कशाने? झालेली झीज भरून येते का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कठीण होते. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच लिहून ठेवले की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पूर्ववत होत नाही, आणि आजही ते बहुतांशी खरे आहे. हाड मोडले तर रक्ताच्या भरवशावर महिन्या-दोन महिन्यांत सांधते. कूर्चेला ती सोय नाही. आणि कूर्चेत नसाच नसल्याने दुखते ते तिच्यात नव्हे, तर भोवतालच्या पिशवीत, अस्तरात, खालच्या हाडात, थकलेल्या स्नायूंत.

म्हणून मुलाने त्यांना पुन्हा अस्थिरोगतज्ज्ञांकडे नेले, आणि या वेळी आजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. गुडघा सुजून लाल झाला असेल, हात लावू देत नसेल, तर विश्रांतीच हवी. सांधेदुखीचे आमवातासारखे काही प्रकार वेगळे, त्यांची औषधे वेगळी. फारच बिघडले तर बदलायचा गुडघाही मिळतो; बीजींनी उजवा बदलून घेतलाच होता. पण आजींच्या बाबतीत ती वेळ आलेली नव्हती. त्यांना हवे होते मांडीच्या पुढच्या स्नायूचे बळ, कारण पायऱ्या उतरताना वजनाचा धक्का तोच झेलतो आणि तीन महिन्यांत तो वाळल्या भोपळ्यासारखा सुकला होता. फिजिओथेरपिस्ट मुलीने व्यायाम शिकवला. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहापर्यंत मोजायचे, खाली घ्यायचा. आजी अंकांऐवजी दशावतार मोजत. मत्स्य, कूर्म, वराह... बुद्धापर्यंत आल्या की पाय थरथरे. कल्कीपर्यंत पोहोचायला त्यांना तीन आठवडे लागले.

शिरूर तालुक्यातच, घोड नदीच्या काठी, इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे ते लोक आपली माणसे घरातच, जमिनीखाली पुरत. आणि मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालची पावले तोडून टाकत. मेलेल्याने घर सोडून भटकू नये म्हणून असावे, असे उत्खनन करणाऱ्यांना वाटले. आजींचे माहेर तिथून चार कोसांवर. त्यांनी लहानपणी ही गोष्ट ऐकली होती आणि भीतीने रात्रभर पाय पोटाशी घेऊन निजल्या होत्या. ही आठवण त्यांनी नातवाला सांगितली ती एकदम, व्यायाम करता करता, कसलाही संदर्भ न देता. मग थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. ‘‘मला तर कोणी तोडलीसुद्धा नव्हती,’’ असे काहीतरी त्या पुटपुटल्याचे सुनेला ऐकू आले.

चैत्रातल्या नवरात्रात मनसादेवीची जत्रा भरते. हे देऊळ मनीमाजऱ्याचे राजे गोपालसिंह यांनी १८११ ते १८१५ या काळात बांधले. घरापासून फार लांब नाही, पंचकुल्याच्या हद्दीत. आदल्या वर्षी आजी गेल्या नव्हत्या. या वर्षी अष्टमीला पहाटे त्यांनी ठेवणीतली कोल्हापुरी चप्पल काढली. सुनेने ती हातातून घेऊन मऊ तळव्यांचे बूट पुढे केले. नऊवारीवर बूट! आजींनी कपाळाला हात लावला आणि घातले. चौतीस पायऱ्या उतरायला बारा मिनिटे लागली. खाली बीजी काठी टेकून उभ्या होत्या, नव्या गुडघ्याच्या आणि जुन्या ओढीच्या.

मोटर मार्केटपाशी आजींना दम लागला. मिस्त्रीने ओळखीच्या गाडीवाल्याची आई म्हणून दुकानातले स्टूल बाहेर आणून दिले. त्या बसल्या, रूमालाने तोंड पुसले, आणि समोर उघड्या पडलेल्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘भय्या, ये बैठा रहे तो भी खराब होता है क्या?’’

‘‘माताजी, खडी गाडी को तो जंग लगता है,’’ मिस्त्री म्हणाला.

आजींनी बीजींकडे पाहिले. बीजी आधीच उठून चालू लागल्या होत्या.

देवळापर्यंत काही दोघी पायी गेल्या नाहीत. शेवटचा टप्पा ऑटोने झाला, रांगेतही दोनदा बसावे लागले. परतताना चौतीस पायऱ्या चढायला पाच थांबे घ्यावे लागले आणि रात्री दोन्ही गुडघ्यांवर शेक घ्यावा लागला. सकाळी नातवाने विचारले, ‘‘आजी, दुखताहेत?’’

‘‘दुखताहेत तर!’’ आजी म्हणाल्या, आणि ते बूट कुठे ठेवलेत ते सुनेला विचारू लागल्या.